निवळीचा धर्म

वस्त्र शुद्ध झाले असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी परटाच्या घाटावरचा किंवा घरातल्या मोरीतला वाटतो. परंतु आपल्या परंपरेने तो फार पूर्वीच धर्मशास्त्र, योग आणि वेदान्त यांच्या दरबारात नेऊन उभा केला आहे, आणि ज्या घरात एखाद्या लेकराची कातडी इतकी हळवी असते की धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवलेला पांढराशुभ्र सदरा अंगात घातल्यावर घटकाभरात मानेवर आणि कोपराच्या लवणीत लाल चट्टे उमटावेत, त्या घराला तो रोज सकाळी नव्याने सोडवावा लागतो. नागपुरातल्या सक्करदऱ्यात अशी घरे थोडी नाहीत. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, घाम आणि धूळ यांचा लेप दिवसभर अंगावर राहतो, विहिरीचे पाणी जड असते. आणि उमरेड रस्त्यावरच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या परिसरात इसबाने बेजार झालेली मुले मांडीवर घेऊन बसलेल्या आया एकमेकींना औषधाच्या आधी ‘कपडे कशाने धुता?’ असे विचारताना मी ऐकल्या आहेत. माझ्या धाकट्या नातीच्या कातडीमुळे मीही या विचारपुशीत सामील झालो, आणि रिठे, सोडा, साबण यांचा तपशील गोळा करता करता माझ्या ध्यानात आले की या साऱ्या चर्चेच्या मुळाशी एकच तात्त्विक प्रश्न आहे: मळ गेला म्हणजे शुद्धी झाली, की मळ घालवणारे द्रव्यही निघून गेले म्हणजे शुद्धी झाली?

धर्मशास्त्रकारांनी पहिल्या अर्ध्या प्रश्नाचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे, आणि त्यात रेशमी व लोकरी वस्त्रांना खारी माती, डोंगरी शेळीच्या केसांच्या कांबळ्याला रिठा, तलम अंशुपट्टाला बेलफळ आणि क्षौमाला पांढरी मोहरी अशी वस्त्रागणिक निरनिराळी योजना सांगितली आहे. याज्ञवल्क्यानेही थोड्याफार फरकाने हीच व्यवस्था दिली आहे. सर्व वस्त्रांना एकच द्रव्य चालणार नाही, धुणाराने आधी वस्त्राची जात ओळखावी आणि मग द्रव्याला हात घालावा, हे या विधानांतले शहाणपण आजही शिळे झालेले नाही. परंतु तेथे विचार आहे तो वस्त्राचा. ते वस्त्र ज्या अंगावर चढायचे त्या अंगाचा नाही. ती उणीव वैद्यांनी भरून काढली. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजात बालकाच्या अंथरुणा-पांघरुणाविषयी आज्ञा आहे, ती अशी की ते मऊ, हलके, स्वच्छ असावे, घामाने वा मळाने बिघडलेले टाकून द्यावे, आणि दुसरे मिळण्याची सोयच नसेल तर तेच उत्तम प्रकारे धुऊन, धुरी देऊन, शुद्ध आणि कोरडे करून मग वापरावे. गरिबाच्या घरी दुसरे पांघरूण नसते, हे त्या ऋषीला ठाऊक होते, आणि म्हणूनच मला हे वाक्य शास्त्रापेक्षाही करुणेचे वाटते. त्याच संहितेत अन्यत्र म्हटले आहे की सर्व इंद्रियांना व्यापून असणारे इंद्रिय स्पर्श हेच होय. डोळा मिटता येतो, कान झाकता येतो, परंतु अंगावरच्या वस्त्राचा स्पर्श दिवसाचे चोवीस तास चालू राहतो, आणि ज्याची कातडी हळवी त्याला त्या स्पर्शापासून क्षणाचीही सुटका नसते.

योगशास्त्राकडे वळले तर प्रश्न अधिक गंभीर होतो. पतंजलींनी शौचाला नियमांमध्ये पहिले स्थान दिले आहे. पण नियमांच्या आधी यम येतात आणि यमांमध्ये पहिली येते अहिंसा. हा क्रम केवळ मोजदादीचा असेल असे कोणी म्हणेल, म्हणून व्यासभाष्याने खुलासा करून ठेवला आहे की बाकीचे सर्व यम आणि नियम अहिंसेच्या मुळावर उभे आहेत आणि तिच्याच सिद्धीसाठी सांगितले आहेत. याचा सरळ अर्थ असा की शौच हा स्वतंत्र मुखत्यार नव्हे. त्याची सनद अहिंसेने दिलेली आहे, आणि ज्या घडीला शुद्धीचा एखादा उपाय जिवंत देहाला दुखवू लागतो त्या घडीला ती सनद रद्द होते. सदरा कितीही पांढरा निघाला आणि त्याने मुलाची मान रात्रभर खाजवून रक्ताळली, तर तो सदरा धुतला गेला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. हे विधान मी अलंकार म्हणून करत नाही. भाष्यकाराचा शब्द प्रमाण मानायचा तर याहून वेगळा निष्कर्ष निघूच शकत नाही.

आता त्या पांढऱ्या सदऱ्यात राहते तरी काय, हे पाहू. मनुष्याच्या निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. ज्या मापात पाणी सात अंशांवर, म्हणजे मधोमध, उभे असते त्या मापात ती साडेचार ते साडेपाच यांच्या आसपास असते, आणि शाडे व मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ साली या आम्ल आवरणाचे वर्णन केल्यापासून वैद्यक त्याला शरीराचा पहिला तट मानत आले आहे. साबणाचा फेस याच मापात नऊ-दहावर असतो आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी अकराच्या घरात जाते. खार मळाला सोडवतो तो ज्या गुणामुळे, त्याच गुणामुळे तो कातडीतली स्निग्धता सोडवतो. मळ कोणता आणि तट कोणता हा विवेक त्याला नाही. धडधाकट कातडी थोडा अवशिष्ट खार पचवून टाकते, इसबाची कातडी ते करू शकत नाही. पाणी जड असेल तर त्यातील चुना आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून एक चिकट, न विरघळणारी साय तयार करतात, ती सुताच्या धाग्यांत जाऊन बसते, आणि कापड दिवसेंदिवस राठ व करडे होत जाते. भारतात सर्फ १९५९ साली आले, निर्मा १९६९ साली अहमदाबादेत सुरू झाली, आणि जड पाण्यातही फेस देणाऱ्या या कृत्रिम पुडींनी साबणाची ती अडचण दूर केली, हे त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुडीबरोबर सुवास आला, आणि सुवासाची द्रव्ये ही स्पर्शजन्य त्वचादाहाच्या नेहमीच्या कारणांपैकी आहेत. द्रवरूप साबण आले तेव्हा ते नासू नयेत म्हणून घातलेली द्रव्ये आली, आणि त्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन या एकाला अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या वैद्यांच्या संस्थेने २०१३ सालचे प्रमुख दाहक म्हणून घोषित केले.

मात्र मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते शुभ्रता देणाऱ्या द्रव्याने. त्याच्यामुळे कातडीला बाधा क्वचितच होते, तेव्हा माझी तक्रार वैद्यकीय नाही. बाकीची द्रव्ये धुतल्यावर निघून जावीत अशी निदान अपेक्षा असते. हे द्रव्य मात्र राहावे म्हणूनच घातलेले असते. ते धाग्याला चिकटून बसते, सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेते, आणि त्यांच्या बदल्यात निळसर प्रकाश बाहेर टाकते, त्यामुळे पिवळट पडलेले कापड पाहणाऱ्याला पांढरे वाटते. आमच्या आया नीळ घालत तोही असाच एक उपाय होता, पण निळीने कापड स्वच्छ होते असे त्यांच्यापैकी कोणी मानत नसे. शुद्ध असणे आणि शुद्ध दिसणे यांतला भेद ज्या संस्कृतीच्या तत्त्वज्ञानाने सत्ता आणि आभास या नावांनी हजारो वर्षे घोटला, त्याच संस्कृतीच्या घरोघरी दिसण्यालाच असण्याची किंमत मिळावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आत्मबोध या छोट्या प्रकरणाच्या आरंभीच निवळीच्या बीचा दृष्टान्त येतो. निवळीचे झाड आपल्याकडच्या कोरड्या रानांत होते. त्याचे बी घागरीच्या आतल्या अंगाला घासले म्हणजे गढूळ पाण्यातला गाळ एकवटून तळाशी बसतो, आणि सुश्रुतानेही पाणी स्वच्छ करण्याच्या उपायांमध्ये त्याची नोंद घेतली आहे. आचार्यांचे म्हणणे असे की अज्ञानाने गढूळ झालेल्या जीवाला निर्मळ करून ज्ञान स्वतःही नाहीसे होते, निवळीची पूड पाण्याच्या बाबतीत करते तसे. किती मोठा विचार हा! ज्या ज्ञानासाठी सारा खटाटोप, ते ज्ञानसुद्धा एक वृत्ती म्हणून मागे राहिले तर तो गाळच ठरेल, इतकी कठोर अट अद्वैताने स्वतःच्या सर्वश्रेष्ठ साधनाला घातली. निवळीविषयी आणखी एक विधान मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सापडते: झाडाचे फळ पाणी निवळवते खरे, परंतु केवळ त्याचे नाव घेतल्याने कोणाचेही पाणी निवळत नाही. ही दोन विधाने एकत्र ठेवली म्हणजे निवळीचा धर्म पुरा होतो. साधन प्रत्यक्ष झिजवले पाहिजे, आणि काम झाल्यावर ते तळाशी गेले पाहिजे.

बौद्ध वाङ्मयात हाच विचार अधिक सूक्ष्मपणे, आणि नेमका धुण्याच्याच भाषेत आला आहे. नागपूरकरांना तो माहीत असायला हवा, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. संयुत्तनिकायात खेमक नावाच्या भिक्षूची कथा आहे. कोसंबीजवळच्या बदरिकारामात तो आजारी पडलेला होता, आणि घोसितारामात राहणारे वडीलधारे भिक्षू दासक नावाच्या भिक्षूकडून त्याला निरोप पाठवून प्रकृती विचारत होते, आणि प्रकृतीबरोबर तत्त्वही विचारत होते. देह आणि मन ज्यांचे बनते त्या पाच स्कंधांपैकी कशाला तू ‘मी’ म्हणतोस का? खेमक म्हणाला, कशालाच नाही. मग तू अर्हत झालास का? तो म्हणाला, तेही नाही. दासकाच्या या येरझारा कितीदा तरी झाल्या, तेव्हा शेवटी तो दुखणाईत भिक्षू काठी टेकत स्वतःच उठून त्या वडीलधाऱ्यांकडे गेला आणि त्याने वस्त्राचा दृष्टान्त दिला. मळलेले वस्त्र धनी धोब्याला देतो. धोबी ते खारी माती, खार किंवा शेण लावून चोळतो आणि स्वच्छ पाण्यात विसळतो. वस्त्र निर्मळ होते, तरीही त्या मातीचा, खाराचा, शेणाचा बारीकसा वास त्याला उरतो, आणि सुगंधी पेटीत ठेवल्यावरच तो वास जातो. त्याचप्रमाणे साधकाची स्थूल बंधने तुटली तरी ‘मी आहे’ हा सूक्ष्म अवशेष मागे राहतो, आणि स्कंधांचा उदय-व्यय पाहत राहिल्यानेच तो हळूहळू नाहीसा होतो. कथेचा शेवट असा की हे सांगता सांगता साठ वृद्ध भिक्षू मुक्त झाले, आणि सांगणारा खेमकही.

या दृष्टान्तातला वास मळाचा नाही, मळ केव्हाच गेला. तो शुद्ध करणाऱ्या द्रव्याचा आहे. साधनेचा अहंकार हा पापाच्या अहंकाराहून निराळा आणि अधिक दुर्लक्ष्य असतो, हे ज्याने प्रथम ओळखले त्याची दृष्टी असामान्य असली पाहिजे. हळव्या कातडीच्या लेकराला मात्र ती सुगंधी पेटीही मानवणार नाही. त्याच्या वस्त्राला भरपूर पाणी, वारा आणि ऊन एवढीच पेटी योग्य.

शुद्धीचा हा अवशेष समाजाच्या अंगाला कसा झोंबतो, हे महाराष्ट्राने उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि त्यानंतर तेथील सनातन्यांनी ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करून घेतले. माणसे तहान भागवून गेली होती, तळ्याला काहीही झाले नव्हते. जी अशुद्धी त्या पाण्यात उतरली ती शुद्धीकरणानेच उतरली, आणि तिचा व्रण अजून भरलेला नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात कांबळ्याला कोणते फळ लावावे इतकी हळुवार काळजी आहे, त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे आणि प्रेतांवरची वस्त्रे नेसावीत अशी आज्ञा आहे. वस्त्राची जात ओळखून त्याला जपणाऱ्या बुद्धीने माणसाची जात ठरवून त्याला प्रेताचे वस्त्र दिले, हे वाचताना मला प्रत्येक वेळी लाज वाटते, आणि वर मी त्या ग्रंथातून चांगले ते घेतले असताना हे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटले असते. पतंजलींनी शौचाचे फळ सांगताना स्वतःच्या देहाविषयी जुगुप्सा आणि इतरांशी असंसर्ग असे म्हटले आहे. एकान्तातल्या योग्याच्या वाटेवर तो एक मुक्काम असेलही, परंतु गावगाड्यात तोच असंसर्ग कायदा होऊन बसला आणि शौचाने अहिंसेची सनद पायाखाली घातली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लक्षावधी माणसे बौद्ध धम्माच्या दीक्षेला दीक्षाभूमीवर जमली ती सोवळ्याच्या या दाहापासून आपली कातडी सोडवून घेण्यासाठी, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

दुसरा प्रवाहही आपल्याकडे होताच. तेराव्या शतकात विदर्भात वावरलेल्या चक्रधरस्वामींनी स्त्रियांच्या मासिक धर्माला नाकाच्या शेंबडाहून अधिक विटाळ मानण्याचे नाकारले. सक्करदऱ्याच्या वाड्याचा इतिहास तर आमच्या डोळ्यांसमोरचा आहे: ज्या अवलिया ताजुद्दीन बाबांना वस्त्रप्रावरणाचे भान नाही म्हणून सरकारने १८९२ साली वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, त्यांना १९०८ साली रघुजीराजे भोसल्यांनी आपल्या वाड्यात सन्मानाने आणून ठेवले, आणि सर्व धर्मांची माणसे तेथे दर्शनाला येऊ लागली. पण निवळीचा धर्म ज्याने देहाने आचरला असा माणूस मला एकच दिसतो, आणि तो जन्माने परीट, आमच्या वऱ्हाडी बोलीत वरठी, होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. आणि पुढे अर्धशतकभर हातात खराटा, डोक्यावर गाडगे आणि अंगावर चिंध्या या वेषात ते गावोगाव दिवसा रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडत फिरले. धुणे हा ज्यांचा कुळधर्म त्यांच्या या वंशजाने स्वतः चिंध्या नेसल्या आणि गावे धुतली. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या, पण पाय धरू दिले नाहीत, गुरुपद घेतले नाही, शिष्य केला नाही. गाव स्वच्छ झाले की उपकाराचे ओझे गावावर न ठेवता ते पुढच्या गावाला निघत. आचार्यांनी ज्ञानाविषयी जे लिहिले आणि खेमकाने ‘मी’विषयी जे सांगितले, ते या निरक्षर माणसाने करून दाखवले. २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या पाठोपाठ चौदा दिवसांनी, ते गेले.

आता व्यवहाराकडे येतो, कारण निवळीचे नाव घेऊन पाणी निवळत नाही.

घरगुती उपायांपैकी हळव्या कातडीसाठी मला रिठा सर्वांत विश्वसनीय वाटतो. पंधरा-वीस रिठे फोडून बिया टाकून द्याव्यात, टरफले दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी मंद आचेवर अर्धा तास उकळून, निवल्यावर हाताने कुस्करून दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावीत. बादलीभर कपड्यांना या पाण्याचा एक मोठा पेला पुरतो. याला वास जवळजवळ नसतो, फेस बेताचा येतो, खार नसतो, किंबहुना हे पाणी किंचित आम्लच असते, आणि जड पाण्यातही त्याची साय बसत नाही. ते तीन-चार दिवसांत आंबते, म्हणून थोडेच करावे. तेलकट डाग त्याने जात नाहीत, पांढऱ्या कापडाला कालांतराने मळकट झाक येते, डोळ्यात थेंब गेला तर फार झोंबते, आणि रिठ्याची कोरडी पूड नाकात गेली तर शिंका आवरत नाहीत. हे दोष लपवून ठेवण्यात अर्थ नाही. साबणाचा कीस, धुण्याचा सोडा आणि टाकणखार एकत्र करून पूड बनवण्याची जी कृती सांगितली जाते ती स्वस्त असली तरी हळव्या कातडीसाठी मी तिची शिफारस करणार नाही, कारण ती सगळीच खाराची आहे, आणि टाकणखार तर मुलांच्या हाती लागू नये असाच जिन्नस आहे. आपल्या विदर्भाला खाराची ओळख जुनी आहे. आइने अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारजवळ काच आणि साबण यांना लागणारे जिन्नस मिळतात असा उल्लेख आहे, आणि पुढेही तेथल्या खाऱ्या सरोवराचे दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी असे निरनिराळे क्षार काढले जात. परंतु लोणारचा यात्रेकरू स्नान करतो ते काठावरच्या गोड्या पाण्याच्या धारेखाली, खाऱ्या सरोवरात नव्हे.

खरी मेख द्रव्यात नसून विसळण्यात आहे. कोणतेही द्रव्य घ्या, लागते त्याहून कमी घ्या, आणि पाणी एक वेळ अधिक घाला. फेस दिसेनासा झाला म्हणजे द्रव्य गेले असे होत नाही. शेवटच्या पाण्यात कापड बोटांमध्ये चोळून पाहावे, बुळबुळीत लागले तर आणखी एक पाणी द्यावे. नवे कापड खळ आणि कारखान्यातली प्रक्रिया घेऊन येते, तेव्हा धुतल्याशिवाय ते लेकराच्या अंगाला लावू नये. अंथरुणातल्या धुळीतली सूक्ष्म कीड मारायची तर पंचावन्न-साठ अंशांचे कढत पाणी लागते. ‘घरगुती’ किंवा ‘नैसर्गिक’ या विशेषणांना मी कोणतेही पावित्र्य देत नाही. रिठाही एखाद्याला सोसत नाही, म्हणून आधी एकच बनियन त्यात धुऊन दोन दिवस घालून पाहावी, आणि ज्याला हा खटाटोप शक्य नाही त्याने बाजारातली बिनवासाची, बिनरंगाची पूड निःशंक घ्यावी. पुष्कळदा कारण धुण्यात नसतेच; घाम, कोरडेपणा, लोकर, अन्य काही असते, आणि ते ठरवण्याचे काम त्वचारोगाच्या डॉक्टरचे आहे.

निवळी तळाशी जाते, तसे हे पाणीही कोठेतरी जातेच. मोरीतून नाल्यात, नाल्यातून नाग नदीत, आणि नागेतून कन्हानकडे. रिठ्यातला फेस देणारा अंश माशांना विषारी असतो, पुष्कळ पुडींतला फॉस्फरस साचलेल्या पाण्यात शेवाळ माजवतो. म्हणून ज्याने तलावाच्या किंवा विहिरीच्या काठी धुणे धुऊन पाणी तेथेच सोडले त्याने आपल्या अंगावरचे दुखणे दुसऱ्या जिवाच्या अंगावर ढकलले, मग द्रव्य झाडाचे असो वा कारखान्याचे. अहिंसेची सनद आपल्या उंबरठ्यापुरती दिलेली नाही.

शेवटी एका उणिवेकडे वाचकाचे लक्ष वेधतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात धोब्याने सावरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुवावे, एकाची वस्त्रे दुसऱ्याच्या वस्त्रांत मिसळू नयेत, असे सांगितले आहे. कौटिल्याने तर फळी किंवा गुळगुळीत दगड सोडून अन्यत्र धुणाऱ्याला नुकसानभरपाईखेरीज सहा पण दंड ठरवला आहे. फळीचा विचार झाला, वस्त्राचा झाला, धन्याचा झाला. धुणाऱ्याच्या हाताचा झाला नाही. आजही आपण लेकरासाठी सौम्य पूड शोधतो आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईच्या पुढ्यात मात्र सर्वांत झोंबणारी, स्वस्तातली पूड ठेवतो. दिवसाकाठी चार-पाच घरांचे धुणे उपसणाऱ्या त्या हातांची बोटांची पेरे फाटतात, नखांच्या कडा सुजतात, पावसाळ्यात भेगा चिघळतात; तिची कातडी आपल्या नातवंडांच्या कातडीहून निराळ्या घडणीची नाही. तेव्हा माझी विनंती एवढीच की ज्या घरी धुणे दुसऱ्याच्या हातून होते त्या घरातल्या कर्त्या माणसाने या आठवड्यात ते हात एकदा नीट पाहावेत. भेगा दिसल्या तर पूड बदलावी, सुती अस्तराचे रबरी हातमोजे आणून द्यावेत, काम झाल्यावर बोटांना लावायला खोबरेल ठेवावे, आणि हात बरे होईपर्यंत धुण्याला सुटी देऊन तिच्या पगारातला एक रुपयाही कापू नये.